पायांच्या शिरा: उपचार बदलले, डॉक्टर कसा निवडायचा?

पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पोटरीवर निळ्या, वेड्यावाकड्या शिरा उठल्या की रुग्ण जनरल सर्जनकडे जाई. दुसरे कुणी जवळपास नसेच. सर्जन रुग्णाला आडवे करून पाय वर उचलायला लावत, शिरा रिकाम्या झाल्या की मांडीला रबरी पट्टा आवळत आणि उभे करून रक्त वरून उतरते की मधूनच भरते ते पाहत. फ्रेडरिक ट्रेंडेलेनबुर्ग या जर्मन सर्जनच्या नावाची ही तपासणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. विसावे शतक संपत आले तरी आपल्याकडच्या बहुतेक दवाखान्यांत तिच्यावरच निदान होत होते. कोणत्या डॉक्टरकडे जायचे, हा प्रश्न त्या काळात फारसा पडतच नसे.

शस्त्रक्रियाही एकच होती. जांघेत छेद घ्यायचा, मुख्य वरवरची शीर खोल शिरेला मिळते तिथे ती बांधायची आणि तारेसारखे उपकरण आत सरकवून शीर ओढून काढायची. हे ‘स्ट्रिपिंग’ १९०५ ते १९०७ या काळात केलर, मेयो आणि बॅबकॉक या अमेरिकी सर्जननी रूढ केले. पाठीत भूल, रुग्णालयात मुक्काम, मांडीभर काळेनिळे डाग आणि अनेक दिवसांची विश्रांती हे सगळे त्यासोबत येई. गुडघ्याखाली शिरेला लागून जाणारी चेता दुखावली तर घोट्याच्या आतल्या बाजूला बधिरपणा राही. काही वर्षांनी शिरा पुन्हा दिसू लागत. त्यामुळे ‘ऑपरेशन करूनही येतातच’ हे वाक्य घरोघरी रुजले आणि लोक जखम होईपर्यंत दुखणे अंगावर काढू लागले.

बदलाची सुरुवात झाली ती आजाराकडे पाहण्याच्या पद्धतीतून. पायाच्या शिरांत रक्त गुरुत्वाच्या विरुद्ध, वर चढते. चालताना पोटरीचे स्नायू ते वर ढकलतात आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. वरवरच्या शिरेतली झडप निकामी झाली की उभे राहताच रक्त उलट उतरते. दाब वाढतो, फांद्या फुगतात, घोट्याजवळची कातडी काळवंडते आणि शेवटी तिथे न भरणारी जखम होते. म्हणजे दिसणारी शीर हा परिणाम आहे, गळती वेगळ्याच ठिकाणी असते. ती शोधायला बोटांपेक्षा भरवशाचे साधन मिळाले, कलर डॉप्लर सोनोग्राफीचे. रक्त कुठे, कोणत्या दिशेने आणि किती वेळ उलट वाहते हे पडद्यावर दिसू लागले. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ उलटा प्रवाह असेल तर झडप निकामी मानतात.

शीर काढण्याऐवजी आतूनच बंद करता येईल, हा विचार याच साधनामुळे शक्य झाला. रेडिओफ्रीक्वेन्सी उपकरणाला अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळाली. २००१ मध्ये नवारो, मिन आणि बोने यांनी लेसरने शीर बंद करण्यावरचा निबंध प्रसिद्ध केला. नवारो सर्जन, मिन रेडिओलॉजिस्ट आणि निबंध छापला त्वचारोगांच्या शस्त्रक्रियांना वाहिलेल्या नियतकालिकाने. म्हणजे हा उपचार जन्मापासूनच एका शाखेच्या मालकीचा नव्हता. रुग्णाचा आजचा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

पुढच्या वर्षांत तंत्र सुधारत गेले. सुरुवातीच्या लेसर तंतूचे टोक उघडे असे, त्याने शिरेला भोके पडून दुखणे आणि डाग होत. नंतर १४७० नॅनोमीटर तरंगलांबीचा, चहूबाजूंनी प्रकाश सोडणारा तंतू आला. रेडिओफ्रीक्वेन्सीची सुधारित नळी शिरेचा सात सेंटिमीटरचा तुकडा १२० अंशांवर वीस सेकंदांत बंद करू लागली. इटलीतल्या लोरेन्झो टेसारी यांनी २००० च्या सुमारास दोन सिरिंज आणि एक तिहेरी तोटी वापरून औषधाचा फेस करण्याची सोपी रीत दाखवली आणि हा फेस टोचून शीर बंद करणारी फोम स्क्लेरोथेरपी सर्वत्र पोहोचली. शीर चिकटवणाऱ्या वैद्यकीय ‘ग्लू’ला अमेरिकेत २०१५ मध्ये मान्यता मिळाली. भारतातल्या मोठ्या शहरांतही ही साधने एकामागून एक आली. सकाळी दाखल होऊन संध्याकाळी स्वतःच्या पायाने घरी जाणे ही नेहमीची गोष्ट झाली.

२०१३ मध्ये ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने मार्गदर्शिका काढली. आधी उष्णतेने, म्हणजे लेसर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सीने, शीर बंद करणे, ते जमत नसेल तर फोम आणि तेही जमत नसेल तर शस्त्रक्रिया, असा क्रम तिने लावला. शंभर वर्षांचे स्ट्रिपिंग तिसऱ्या क्रमांकावर गेले. २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या ४५० रुग्णांचा ‘एव्हरा’ अभ्यास प्रसिद्ध झाला. शिरेच्या जखमेवर पट्ट्या बांधण्यासोबत शीरही लवकर बंद केली, तेव्हा जखम भरायला लागणारा मध्यम काळ ८२ दिवसांवरून ५६ दिवसांवर आला. ‘आधी जखम भरू दे, मग शिरेचे बघू’ हा जुना सल्ला त्यामुळे मागे पडला.

आपल्याकडे याच काळात व्हॅस्क्युलर सर्जरी, म्हणजे रक्तवाहिन्यांची शस्त्रक्रिया, ही स्वतंत्र शाखा म्हणून उभी राहिली. एम.सीएच. किंवा डॉ.एन.बी. ही तिची पदवी. आधी मुंबई-पुण्यात मोजकेच असलेले हे तज्ज्ञ आता नागपूर, नाशिक, कोल्हापूरसारख्या शहरांतही भेटतात. दुसरीकडे सोनोग्राफीखाली सुई-नळीने उपचार करणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टही या कामात तरबेज आहेत. अनेक जनरल सर्जननी लेसर आत्मसात केला आणि त्यांच्यातल्या काहींचा अनुभव दांडगा आहे. पदवीवरून अर्धीच ओळख पटते, हे आधीच सांगायला हवे.

आपल्याकडची आणखी एक अडचण क्वचितच बोलली जाते. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी १९९४ मध्ये कायदा झाला. त्यामुळे सोनोग्राफीचे प्रत्येक यंत्र आणि ते वापरणारा डॉक्टर यांची नोंदणी लागते. कायद्याचा हेतू योग्यच आहे. पण परिणामी अनेक सर्जनच्या खोलीत यंत्र नसते. डॉप्लर एका केंद्रात होते आणि उपचार दुसरीकडे, फक्त छापील अहवालावर. त्यात बऱ्याच केंद्रांत गर्दीच्या वेळी रुग्णाला झोपवूनच तपासतात. वरवरच्या शिरांची गळती दिसते ती उभ्या रुग्णात. झोपून केलेल्या तपासणीवर बेतलेला उपचार चुकीच्या शिरेवर होऊ शकतो.

गेल्या दहा वर्षांत मात्र सगळ्यांत मोठा बदल झाला तो जाहिरातींचा. ‘विना टाका, विना वेदना, अर्ध्या तासात’ असे फलक चौकाचौकांत लागले, फोनवर ‘पॅकेज’ मिळू लागले, आणि रुग्णाला डॉक्टर कोण असेल हे अनेकदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर कळू लागले. वैद्यकीय परिषदेची २००२ ची आचारसंहिता अजून लागू आहे. तिच्यात रुग्ण मिळवण्यासाठी जाहिरात करायला डॉक्टरला मनाई आहे. एखाद्या शाखेची विशेष पात्रता नसताना स्वतःला तिचा तज्ज्ञ म्हणवून घ्यायलाही मनाई आहे. दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर नोंदणी क्रमांक लिहिणे बंधनकारक आहे. तो क्रमांक विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे, त्यात अपमान कुणाचाच नाही.

कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक, लाल-निळ्या शिरांचे, म्हणजे स्पायडर व्हेन्सचे, प्रकरण थोडे वेगळे. एक मिलिमीटरहून बारीक असलेल्या या शिरा बहुधा दिसण्यापुरत्याच त्रासदायक असतात आणि आरोग्य विम्यात त्यांचा खर्च सहसा बसत नाही. बारीक सुईने औषध टोचणे किंवा त्वचेवरून लेसर हे त्यांचे उपचार, आणि अनुभवी त्वचारोगतज्ज्ञ ते उत्तम करतात. पण पाय जड होत असेल, संध्याकाळी सुजत असेल किंवा घोट्याजवळ या शिरांचा पंखा पसरला असेल तर आधी डॉप्लर करून घ्यावे. आत मोठ्या शिरेची गळती असताना वरच्या जाळ्यावर सुया मारणे म्हणजे गळका नळ तसाच ठेवून फरशी पुसणे. बाळंतपणानंतर तर थोडे थांबणेच शहाणपणाचे. गरोदरपणात उठलेल्या बऱ्याच शिरा काही महिन्यांत आपोआप ओसरतात.

या सगळ्या प्रगतीत कामाची जागा मात्र फारशी बदलली नाही. शिक्षिका, वाहतूक पोलीस, आचारी, न्हावी, कापड दुकानातल्या विक्रेत्या दिवसभर उभ्या असतात, आणि उभे राहण्याने शिरांवरचा दाब वाढतो. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायला जागा देणे कायद्याने सक्तीचे केले. केरळमधल्या विक्रेत्या महिलांनी त्यासाठी अनेक वर्षे लढा दिला होता.

मग आज डॉक्टर कसा निवडायचा? नाइसच्या मार्गदर्शिकेने रुग्णाला कुठे पाठवावे हे सांगताना कोणत्याही यंत्राचे नाव घेतले नाही. पूर्ण तपासणी आणि डॉप्लर करण्याचे कौशल्य असलेला, आणि सर्व प्रकारचे उपचार देऊ शकणारा चमू, असे तिचे वर्णन आहे. आपल्या भाषेत त्याचे प्रश्न होतात. माझे डॉप्लर उभे करून केले का? कोणती शीर गळते आहे, ते कागदावर काढून दाखवाल का? खोल शिरा मोकळ्या आहेत ना, की जुनी गुठळी आहे? लेसर, फोम, ग्लू, शस्त्रक्रिया यांपैकी तुम्ही काय काय करता आणि माझ्यासाठी हेच का? उपचार तुम्ही स्वतः करणार का? नंतरची सोनोग्राफी कधी? मधुमेह किंवा धूम्रपान असेल तर घट्ट स्टॉकिंग देण्याआधी पायाच्या धमन्या तपासल्या का? एकूण खर्च किती आणि विम्याची प्रतीक्षा मुदत संपली का? बऱ्याच पॉलिसींत या आजारासाठी ठरावीक मुदत असते.

चांगला तज्ज्ञ ओळखण्याची एक खूण पंचवीस वर्षांत बदललेली नाही. तो काही रुग्णांना ‘तुम्हाला आत्ता काही करायची गरज नाही’ असे सांगतो. ज्याच्याकडे एकच यंत्र आहे आणि प्रत्येक पायाला तेच लागू पडते, तिथून उठावे. पाय अचानक सुजून गरम झाला किंवा शिरेतून रक्त वाहू लागले तर मात्र थांबू नये. रक्त वाहत असेल तर आडवे व्हावे, पाय वर धरून जागा घट्ट दाबावी आणि तातडीने रुग्णालय गाठावे. एरवी या आजारात घाई फारशी नसते. तेव्हा आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी डॉक्टरचा नोंदणी क्रमांक पाहा, डॉप्लरचा अहवाल हातात घ्या आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत जरूर विचारा.