करुणा आणि वेगळा कप

नीतीचा पाया कोणता, हे वर्गात शिकवताना मी आधी कांट सांगतो. केवळ कनवाळू स्वभावातून घडलेल्या कृतीला नैतिक मूल्य नसते, ते कर्तव्यबुद्धीमुळे येते, असे त्याने १७८५ साली मांडले. शोपेनहौरने १८४० साली नेमकी उलट बाजू घेतली. दुसऱ्याचे दुःख आपले वाटणे हाच नीतीचा उगम. न्यायही त्यातूनच आणि परोपकारही त्यातूनच. डॅनिश विद्वत्सभेच्या स्पर्धेत त्याचा एकमेव निबंध आला होता, तरी पारितोषिक नाकारले गेले.

मला शोपेनहौर पटतो, पण एका ठिकाणी अडतो. माझी आई दिंडोरीकडे द्राक्षबागेत रोजाने जायची. मालकीणबाईंनी माझी अकरावीची फी भरली. आईचे हाल पाहून त्यांचे डोळे भरून येत, ते खोटे नव्हते. आणि त्यांच्याच ओट्याच्या कोनाड्यात आईचा कान तुटलेला कप वेगळा असे.

मग त्या करुणेत उणे काय होते? तिला भूक दिसली, अपमान दिसला नाही. कारण अपमान करणारे हात तिचेच होते. दुःख पाहणारी पण दुःखाचे कारण न पाहणारी करुणा म्हणजे दया. ती वरून खाली वाहते आणि वर-खाली तसेच ठेवते.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात करुणा एकटी येत नाही. तिच्याबरोबर प्रज्ञा आहे, आणि पुढे सर्व प्राणिमात्रांना कवेत घेणारी मैत्री आहे. २ मार्च १९३० रोजी याच नाशकात काळाराम मंदिरासमोर सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा माणसे दया मागायला आली नव्हती. दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली.

मग करुणा सोडून केवळ हक्कच धरावा काय? तसेही नाही. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने १९५० सालीच अस्पृश्यता नष्ट केली. कोनाड्यातला कप पुढेही राहिला. कायदा दारापर्यंत येतो. आतला कप हलवायला माणसाचे मनच लागते, पण ते विचार करणारे मन.

आता प्रश्न आपल्याला. पोटजातीच्या, घरातल्या बाईच्या बाबतीत आपल्या कोनाड्यात कुणाचा कप वेगळा आहे? तो आधी शोधू, मग इतरांना नीती शिकवू.