चार अक्षरांची ओळखपरेड

समजा, अंधेरीच्या एका मुलाला आणि मुलुंडच्या एका मुलीला एकाच दिवशी कोरोना झाला. दोघांचा विषाणू एकाच प्रकारचा असेल का? नेहमीची चाचणी फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातूनही दोन्ही विषाणू सारखेच दिसतील. मग ओळखायचं कसं?

जंतूची सारी माहिती चारच रासायनिक अक्षरांत लिहिलेली असते. कोरोनाच्या विषाणूत अशी सुमारे ३०,००० अक्षरं! ती आरएनएवर असतात, म्हणून आधी त्यांची डीएनए-नक्कल काढतात. तिच्या तुकड्यांतलं एकेक अक्षर यंत्र वाचतं. संगणक तुकडे जुळवतो आणि माहीत असलेल्या विषाणूंशी ताडून पाहतो. ठरावीक अक्षरं बदललेली दिसली, की कळतं, हा डेल्टा, हा ओमायक्रॉन!

मुंबई महापालिकेनं अशी प्रयोगशाळा ऑगस्ट २०२१ मध्ये चिंचपोकळीच्या कस्तुरबा रुग्णालयात सुरू केली. पहिल्याच खेपेला १८८ नमुने वाचले. त्यांतले १२८ निघाले डेल्टाचे, म्हणजे भराभर पसरणाऱ्या प्रकाराचे!

नाकात काडी घातली की डोळ्यांत पाणी येतं खरं. पण त्याच काडीवरून अख्ख्या शहराला कळतं, आपली गाठ कुणाशी आहे!