व्हिडिओला नाव देताना



मागच्या उन्हाळ्यात आमच्या मजल्यावरच्या वहिनींनी गच्चीत कुरडया घातल्या. तीन दिवस गहू भिजवणं, रोज पाणी बदलणं, चीक काढणं, तो शिजवणं आणि गरम असतानाच सोऱ्यातून पाडणं, हे सगळं त्यांच्या मुलानं मोबाईलवर टिपलं आणि यूट्यूबवर चढवलं. वहिनी कुरडया विकतातही, तेव्हा चार नव्या ऑर्डरी येतील अशी आशा होती. महिनाभरात जेमतेम चाळीसेक जणांनी पाहिलं, आणि ते सगळे नात्यातलेच! वहिनी हिरमुसल्या. म्हणाल्या, "माझ्या कुरडया कुणाला बघायच्यात?"

मी व्हिडिओ उघडला. वर नाव होतं, "मम्मीचा नवीन व्हिडिओ 3". मी म्हटलं, "वहिनी, आत कुरडई आहे हे परक्या बाईला कळणार कसं?"

आज याच विषयावर बोलूया.

व्हिडिओचं शीर्षक म्हणजे दुकानाची पाटी. पाटीवर "आमचं दुकान" एवढंच लिहिलं तर आत साडी मिळते की साखर, हे कळत नाही. आपल्या रेडिओवाल्यांना ही गोष्ट पहिल्यापासून ठाऊक आहे. रेडिओवर चित्र नसतं, म्हणून नावातच सगळं सांगावं लागतं. आकाशवाणीवरचं 'वनिता मंडळ' किंवा 'कामगार सभा' आठवा. दोनच शब्द, पण कार्यक्रम कुणासाठी आहे ते लगेच कळायचं.

तर पहिली गोष्ट: बघणारी बाई काय शोधतेय, याचा विचार करा. ती "मम्मीचा व्हिडिओ" शोधत नाही. तिच्या कुरडया वाळताना तुटताहेत आणि ती वैतागली आहे. तिचाच प्रश्न शीर्षकात घ्या: "कुरडई वाळताना तुटते? चीक किती शिजवायचा ते पाहा". शिवणकाम शिकवत असाल तर "ब्लाउज कटिंग" एवढ्यावर थांबू नका. कुठला ब्लाउज, कुठलं माप, तेही सांगा: "38 मापाचा कटोरी ब्लाउज, कागदावर कटिंग".

दुसरी गोष्ट: महत्त्वाचे शब्द आधी. यूट्यूबवर शीर्षकाला 100 अक्षरांची मर्यादा आहे, आणि मराठीत काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी मोजली जाते. त्यात मोबाईलवर लांब शीर्षक अर्ध्यातच कापलं जातं. "नमस्कार, आज मी तुम्हाला दाखवणार आहे" यातच जागा संपली, तर कुरडई दिसणारच नाही. नमस्कार व्हिडिओत करा, शीर्षकात कुरडई येऊ द्या.

तिसरी गोष्ट: गावाचं नाव कधी घालायचं? कुरडई शिकवायची असेल तर गावाची गरज नाही, ती नाशिकची बाईही बघेल. पण मसाला इथेच विकायचा असेल तर "अंबरनाथ पश्चिम" हवंच. नुसतं "विम्को नाका" लिहिलंत तर आपल्याला कळेल, बदलापूरच्या पलीकडे कळेलच असं नाही. आपल्या शिवमंदिराचा व्हिडिओ केलात तर "आमची छोटीशी सहल" असं नाव नको. "अंबरनाथचं 1060 सालचं शिवमंदिर: काय काय पाहावं" असं म्हणा. इंग्रजीत आपल्या गावाचं नाव कुणी 'बी'नंतर 'ई' घालून लिहितं, कुणी 'ए' घालून. दोन्ही स्पेलिंगं खालच्या वर्णनात टाका, शीर्षकात गर्दी नको. आणि घराचा पत्ता, मुलांची नावं, त्यांची शाळा हे शीर्षकात कधीच लिहू नका.

आता चौथी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात मोठी: शीर्षक खरं असू द्या.

एका पावसाळ्यात माझ्या फोनवर व्हिडिओ आला, "बदलापूर पाण्याखाली, आत्ताचं दृश्य". माझी लेक बदलापूरला दिलेली. मी फोनवर फोन लावले, तो लागेना. अर्धा तास पोटात गोळा. शेवटी ती बोलली, "अगं आई, इथे साधा पाऊस आहे." तो व्हिडिओ जुना होता.

27 जुलै 2019 ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती. हजाराहून जास्त प्रवाशांना सुखरूप बाहेर काढलं. त्या दिवसाची दृश्यं खरीच आहेत. पण त्यांच्यावर "आत्ताचं" असं लिहिलं की ती खोटी होतात. म्हणून पावसाचा, रस्त्याचा, लोकलचा व्हिडिओ टाकताना शीर्षकात ठिकाण आणि तारीख लिहाच. उद्या तो कुणीही पुढे पाठवला तरी कुणाच्या आईचा जीव टांगणीला लागणार नाही.

खोट्या शीर्षकानं धंदाही होत नाही. "हे पाहून थक्क व्हाल" वाचून बाई आत येते, काही सापडलं नाही की चार सेकंदांत निघून जाते. लोक किती वेळ थांबले याचा हिशेब यूट्यूब ठेवतं. शीर्षकात एक आणि आत भलतंच, विशेषतः बातम्यांच्या बाबतीत, अशा व्हिडिओंवर भारतात कडक कारवाई करू, असं यूट्यूबनं डिसेंबर 2024 मध्ये जाहीर केलं आहे.

आणि नाव चुकलं म्हणून घाबरू नका. यूट्यूब स्टुडिओत पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवा, शीर्षक बदलता येतं. आधी पाहिलेल्यांचा आकडा जात नाही. व्हिडिओ किती जणांना दिसला आणि त्यातल्या किती जणांनी उघडला, तेही तिथेच कळतं. यूट्यूबच्या सांगण्यानुसार निम्म्या चॅनेलांवर 100 पैकी 2 ते 10 जणच व्हिडिओ उघडतात. म्हणजे सगळ्यांनी उघडला नाही म्हणून नाराज व्हायचं कारण नाही.

आमच्या वहिनींनीही नाव बदललं. लाखो लोक आले असं नाही. पण पंधरा दिवसांनी एका अनोळखी बाईनं खाली विचारलं, "ताई, माझ्या चिकात गाठी होतात, काय करू?" वहिनींनी लगेच उत्तर लिहिलं, "उकळत्या पाण्यात चीक बारीक धारेनं सोडा, एका हातानं सारखं हलवत राहा." मग माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "पुढच्या व्हिडिओचं नाव मिळालं बघा. कुरडईच्या चिकात गाठी होतात?"

तेव्हा मैत्रिणींनो, आज रात्री भांडी आवरून झाली की आपला एक जुना व्हिडिओ काढा. फक्त नाव शेजारणीला वाचून दाखवा आणि विचारा, आत काय असेल? तिनं बरोबर ओळखलं तर नाव जमलं. नाही ओळखलं, तर पेन्सिल आहेच.