काचेखालचा जाळ

शिरवळ परिसरातल्या जुन्या चुलीवर धगीच्या दोन जागा असत. पुढच्या तोंडावर भाकरीचा तवा आणि शेजारच्या वैलावर, तिकडे वळलेल्या धगीने रटरटणारे कालवण. सिरॅमिक कुकटॉपही एकाच पृष्ठभागावर अशी कमी-जास्त धग वाटून देतो. नवल हे की, त्याच्या सपाट काचेखाली एक वर्तुळ लालबुंद असताना वीतभर अंतरावरची काच कितीतरी थंड असते, आणि तरीही तिला तडा जात नाही.

१९५३ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीत डोनाल्ड स्टूकी यांची भट्टी ६०० ऐवजी सुमारे ९०० अंश सेल्सिअसपर्यंत तापली. आतला काचेचा नमुना वितळला नाही, उलट दुधी झाला आणि चिमट्यातून निसटून जमिनीवर आपटला तरी फुटला नाही. काच-सिरॅमिक सापडले ते असे. पुढे जर्मनीच्या शॉट कंपनीने १९७१ मध्ये कुकटॉपसाठी ‘सेरान’ हे काच-सिरॅमिक आणले. त्यातले सूक्ष्म स्फटिक तापल्यावर आकसतात, भोवतालची काच फुगते. बेरीज जवळजवळ शून्य. याच गुणामुळे काच-सिरॅमिकचे आरसे मोठ्या दुर्बिणींतही बसवतात. नैनितालजवळच्या देवस्थळ वेधशाळेतला ३.६ मीटरचा आरसा त्यांपैकीच.

प्रत्येक वर्तुळाखाली धातूच्या नागमोडी पट्टीचे कॉइल असते. त्याचे अवरक्त किरण काचेतून सरळ वर जातात. काच उष्णता आडवी फारशी पसरू देत नाही. साधारण १४.५ सेंटिमीटरचे वर्तुळ १२०० वॅटचे, तर १८ सेंटिमीटरचे १८०० वॅटचे असते. दुहेरी वर्तुळात मोठ्या पातेल्यासाठी बाहेरचे कडे वेगळ्या बटणाने सुरू होते. इंडक्शनवर न चालणारे पितळ, ॲल्युमिनियमही इथे चालते. मात्र बूड सपाट आणि वर्तुळाएवढे हवे.

१ ते ९ हे आकडे गॅसच्या ज्योतीसारखे धग बारीक-मोठी करत नाहीत. पाचवर ठेवले तरी कॉइल पेटते ते पूर्ण ताकदीनेच. फक्त ठरावीक वेळाने बंद होऊन पुन्हा सुरू होते. त्यामुळे लाली मधूनच विझली म्हणजे बिघाड झाला असे नाही. स्पर्शाची बटणे बोटामुळे बदलणारे विद्युतक्षेत्र ओळखतात, म्हणून सांडलेल्या पाण्याने गोंधळतात. बंद केल्यावर दिसणारे ‘एच’ अक्षर काच अजून गरम असल्याचा इशारा देते. या शिल्लक धगीवर भात मुरतो, तेव्हा कुकटॉप थोडा आधीच बंद करावा. भाकरीला मात्र जाळ मिळत नाही. तवा चांगला तापवून तिच्या कडा फडक्याने दाबत शेकाव्या लागतात.

गुळाचा पाक सांडला तर आच बंद करून, हात जपत, तो गरम असतानाच पात्याच्या खरवडणीने काढावा. गार होताना पाक आकसतो, काच आकसत नाही. चिकटलेला पाक मग काचेचे टवके उपटून काढतो. जो गुण काचेला तडकू देत नाही, तोच इथे तिच्यावर उलटतो.