एका जनुकाचे पोटहिस्से

सर्व्हे नंबर एक असला तरी त्यात पोटहिस्से पडतात, हे शेतकरी वाचकांस सांगावयास नको. परंतु जीवमात्राचे गुण पिढ्यानपिढ्या वाहून नेणारे जनुक हे माळेतील मण्यासारखे अखंड असून अदलाबदल होते ती दोन मण्यांमध्ये, मण्याच्या आत नव्हे, असे शास्त्रज्ञ पुष्कळ वर्षे मानीत. ही समजूत दूर होण्यास बुरशीचे मोठे साह्य झाले.

न्यूरोस्पोरा ही पावावर व जाळलेल्या उसाच्या खोडक्यांवर येणारी नारिंगी बुरशी होय. तिच्या दोन वाणांचा संकर झाला म्हणजे लांबट पिशवीत आठ बीजाणू, शेंगेतील दाण्यांप्रमाणे, एका ओळीत बसतात. आईबापांचे गुण त्यांत चार-चार असे वाटले जावे, हा नियम. १९५५ साली अमेरिकेत मेरी मिचेल या विदुषींनी ब-६ जीवनसत्त्व स्वतः तयार करू न शकणाऱ्या दोन वाणांचा संकर केला. दोहोंचा दोष एकाच जनुकात, पण निरनिराळ्या जागी होता. काही पिशव्यांत दोन दाणे निर्दोष निघाले. मात्र सरळ अदलाबदलीत निघावयास हवे होते ते दोन्ही दोषांचे दाणे निघाले नाहीत. म्हणजे ही अदलाबदल नव्हे. एकाचा लेख दुसऱ्यावर नकलून घेतला गेला होता.

पुढे फ्रान्समध्ये शेणावर वाढणाऱ्या अॅस्कोबोलस बुरशीत असे आढळले की, ही नक्कल जनुकाच्या एका टोकाकडे अधिक वेळा होते व दुसऱ्या टोकाकडे कमी होत जाते. १९६४ साली इंग्लंडचे रॉबिन हॉलिडे यांनी याची उपपत्ती दिली. आई व बाप यांचे धागे एकमेकांस जुळतात. जेथे मेळ बसत नाही तेथे पेशी एकाबरहुकूम दुसरा दुरुस्त करते. हे हॉलिडे मक्यावरील काणीच्या बुरशीचे अभ्यासक होते, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

कारण काणी व तांबेरा या बुरशीच आहेत. गव्हाच्या खोडावरील तांबेऱ्याचा संकर बार्बेरीच्या झुडपावर होतो. म्हणून अमेरिकेत १९१८ पासून ती झुडपे उपटण्याची मोहीम काढण्यात आली. संकरातून रोगाचे नवे वाण निपजतात व काल टिकलेले बियाणे उद्या बळी पडू शकते. शत्रू आपल्या एकेका जनुकाच्या आतही नवी मांडणी करू शकतो, तेव्हा आपण सारे शिवार एकाच वाणाच्या भरवशावर सोडणे शहाणपणाचे नाही, एवढेच आमचे सांगणे.