गिटार की ढोलकी?

प्रभादेवीच्या आमच्या चाळीत २०११ च्या पावसाळ्यात गिटारची साथ आली. ‘जिंदगी ना मिलेगी दोबारा’ जुलैच्या मध्यावर लागला आणि गणपती येईपर्यंत त्यातलं ‘सिन्योरिता’ मंडपात वाजायला लागलं. मीही एक गिटार आणली. काळी कुळकुळीत, पोलादी तारांची. पंधरा दिवस गॅलरीत बसून तीच चाल घोटली. शेवटी शेजारच्या काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, “सूर लागतोय रे, पण असल्या गाण्यात मध्येच कुणीतरी कडी वाजवल्यासारखं टकटक करतं, ते कुठाय तुझ्यात?”

काकूंचे यजमान गिरणी सुटली की भजनी मंडळात मृदंग धरायचे, तेव्हा काकूंचा कान तयार होता. ‘सिन्योरिता’ ज्या स्पॅनिश फ्लामेंको धाटणीचं आहे, त्या फ्लामेंको गिटारच्या नेमक्या मर्मावर त्यांनी बोट ठेवलं होतं.

त्या टकटकीचं नाव ‘गोल्पे’. तारा छेडता छेडता उजव्या हाताची अनामिका गिटारच्या तबलीवर ठोका देते. रोज हजारदा ठोके खाऊन लाकूड खरवडून निघेल, म्हणून तबलीवर पातळ प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली असते. पूर्वी ती पांढरी असायची, आता बहुतेक पारदर्शक. दुकानात गिटार उजेडात तिरकी धरून बघा. पट्टी दिसली नाही तर वाद्य बहुधा दुसऱ्या घराण्याचं आहे. माझ्या गिटारवर पट्टी नव्हती आणि तारा तर नायलॉनच्याही नव्हत्या!

हे ठोके कशासाठी? दक्षिण स्पेनमधल्या आंदालुसियात ही गिटार वाढली ती मैफलीत एकटी मिरवायला नाही, तर गाणाऱ्याच्या आणि नाचणाऱ्याच्या साथीला. समोर बाई टाचा आपटतेय, बाजूला चौघे टाळ्या पिटतायत, गाणारा बेंबीच्या देठापासून ओरडतोय. या गलक्यात गोड, रेंगाळणारा सूर ऐकतो कोण? इथे सूर थापेसारखा फुटायला हवा आणि लगेच विरायलाही हवा, म्हणजे पुढच्याला जागा मिळते. आपल्या लावणीत ढोलकी जे करते, त्यातलं अर्धं काम तिकडे गिटारच्या गळ्यात पडलं.

म्हणून तिची पाठ आणि कडा सायप्रसच्या. हलकं, फिकट पिवळं लाकूड. तिकडे ते आसपास मिळायचं आणि स्वस्तही पडायचं. गरिबाच्या वाद्याला गरिबाचं लाकूड, आणि नेमका त्याचाच कोरडा, खणखणीत आवाज पुढे खानदानी ठरला. अशा गिटारला ‘ब्लांका’ म्हणजे गोरी म्हणतात. तिची सावळी बहीण ‘नेग्रा’. तिची पाठ पुष्कळदा भारतीय रोझवूडची असते आणि भारतीय रोझवूड म्हणजे आपली शिसव. सह्याद्रीत वाढणारी, आजोबांच्या पलंगाची, जुन्या देव्हाऱ्याची. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ साली जगभर बंदी आली आणि आपल्या शिसवीचा भाव आणखी वधारला. माद्रिदमध्ये कुणी ‘नेग्रा’ छेडत असेल तर तिच्या पाठीत आपल्या घाटातलं झाड असण्याची बरीच शक्यता आहे.

लाकडावरून हा असा काथ्याकूट चालतो, पण अंतोनियो दे तोर्रेस या कारागिराने तो १८६२ सालीच उधळून लावला होता. आजच्या गिटारचा घाट ज्याने बसवला तोच हा, आल्मेरियाचा. त्याने एका गिटारची पाठ आणि कडा चक्क पुठ्ठ्याच्या केल्या. तबली मात्र खऱ्या लाकडाची. सांगायचं एवढंच होतं की आवाज तबलीत आहे. ती पुठ्ठ्याची गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात ठेवलेली आहे.

आता खरी गंमत. फ्लामेंकोत तारा लाकडाला जवळजवळ चिकटून असतात. जोरात छेडलं की त्या पडद्यांवर आपटून झणझणतात. शास्त्रीय गिटारवाला हे ऐकून कारागिराकडे धावेल, फ्लामेंकोवाला खूश होईल. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून आपण हीच झणझण मुद्दाम काढतो आणि तिला जवारी म्हणतो. मिरजेच्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या घोडी घासून पोट भरलं ते याच झणझणीवर. तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. जगातली बहुतेक वाद्यं हा दोष घालवायला झटतात, तो जपायचं शहाणपण मिरजेला आहे आणि आंदालुसियाला आहे. एवढंच की मिरजेची जवारी तास तास घुमते, तिकडची क्षणात मरते.

गिटार हातात आली म्हणजे आवाज आला असं मात्र नाही. अर्धा आवाज नखांत असतो. सतारियाला निदान मिजराब असते. इथे स्वतःची नखं वाढवायची, पॉलिश पेपरने घासायची आणि तुटायला लागली की झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा थर चढवायचा. मोठमोठे कलावंत हा उद्योग करतात. अशा माणसाला घरात नारळ सोलायला सांगू नये.

मग येतं ‘रास्गेआदो’, म्हणजे तो प्रसिद्ध घर्रर्र. लोकांना वाटतं हात जोरात फिरवला की झालं. मी तेच करत होतो. प्रत्यक्षात करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी अशी बोटं मुठीतून एकामागून एक सुटतात आणि नखाच्या बाहेरच्या बाजूने तारांवर आदळतात. स्पॅनिश शिक्षक काय उपमा देत असतील ते असो, चाळीतल्या पोराला एका शब्दात कळेल: टिचकी. कॅरमच्या स्ट्रायकरला मारतो तीच, फक्त चार बोटांनी पाठोपाठ. करंगळीची टिचकी मारून बघा, मग समजेल लोक वर्षानुवर्षं का घोटतात.

‘सेहिया’ ही चीज मला फार आवडते. गिटारच्या मानेवर आडवी आवळायची लाकडी पट्टी, जुन्या धर्तीची असेल तर तिला व्हायोलिनसारखी खुंटी. गाणाऱ्याची पट्टी वर असेल तर सेहिया पुढे सरकवायची, बोटांचे आकार तेच ठेवायचे. आपल्याकडे गायिका पेटीवाल्याला “काळी चार” म्हणते, तिकडे गायक सेहिया कितव्या घरात ते सांगतो.

सुराचं म्हणाल तर आपण ओळखीच्याच गल्लीत आहोत. फ्लामेंकोची उतरती चाल सर्वांना पाठ आहे, नाव माहीत नसेल एवढंच. खालच्या स्वराला सा धरला तर ती येते म, कोमल ग, कोमल रे, सा. भैरवीच की! फक्त शेवटच्या सा वर जो स्वरमेळ वाजतो त्यात हळूच शुद्ध गंधार असतो. एकाच उतरंडीवर दोन्ही गंधार. ती सुप्रसिद्ध हुरहूर तिथून येते.

यावरून “फ्लामेंको मूळची आपलीच” असे मेसेज सकाळी सकाळी फिरतात. जरा दमानं घ्या. हितानो, म्हणजे स्पेनमधले रोमा लोक, यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघाले, हे खरं. स्पेनमधली त्यांची पहिली नोंद १४२५ ची. त्यांच्या कालो बोलीत पाण्याला अजून ‘पान्यी’ म्हणतात, हे वाचून मला मात्र भर दुपारी काटा आला होता. पण फ्लामेंको शिजली आंदालुसियातच, चार जणांच्या चुलीवर.

आणि परंपरा म्हणजे गोठलेली नसते. उदाहरणार्थ गिटारवादक पाको दे लुसिया, जन्म १९४७, मृत्यू २०१४. आईचं नाव लुसिया, तेच त्याने लावलं. जुने वादक उजव्या मांडीवर गिटार जवळजवळ उभी धरत. हा पायावर पाय टाकून ती आडवी घेऊन बसला आणि पुढची पिढी तशीच बसायला लागली. १९७० च्या दशकाच्या शेवटी पेरूमध्ये त्याने ‘काखोन’ हा लाकडी खोका ऐकला आणि सोबत घेऊन आला. आज त्या खोक्याशिवाय फ्लामेंको रंगत नाही, आणि लोअर परळच्या कॅफेतल्या पोरांचंही त्यावाचून पान हलत नाही. ५ डिसेंबर १९८० ला सॅन फ्रान्सिस्कोत पाको, अल दि मेओला आणि जॉन मॅक्लॉफ्लिन एकत्र बसले, ती मैफल ध्वनिमुद्रित झाली. हा मॅक्लॉफ्लिन म्हणजे आमच्या शेजारच्या माहीमच्या झाकीर हुसेनांबरोबर ‘शक्ती’ हा वाद्यवृंद उभा करणारा. हे एक ध्वनिमुद्रण कानाला हेडफोन लावून ऐका. तिघांच्याही हातात गिटार आहे, पण पाकोचा सूर वेगळा काढता येतो. तो कडाडतो आणि थांबतो.

काकूंच्या टकटकीचं शेवटचं गुपित तालात आहे. तिकडच्या बऱ्याच प्रकारांत आपल्या एकतालासारख्याच बारा मात्रा असतात. आपण दोन-दोनचे सहा भाग पाडतो, ते तीन, तीन, दोन, दोन, दोन असे पाडतात. ‘सोलेआ’त जोर येतो ३, ६, ८, १० आणि १२ वर. आरतीला टाळ्या धरणाऱ्या माणसाला हे जमायला हवं. प्रभादेवी स्टेशनात गाडीची वाट बघताना मांडीवर मोजून बघा. नववर टाळी पडली, तर पुन्हा एकपासून.