दुखत नाही, त्याची देखरेख

पायात काटा मोडला की आपण मटकन खाली बसतो. कुष्ठरोगाने नस निकामी झालेला माणूस त्याच काट्यावर दिवसभर चालतो. हातातला कप पोळतोय हे बोटांना कळत नाही. रात्री उंदराने अंगठा कुरतडला तरी झोप मोडत नाही. म्हणून कुष्ठरुग्णांच्या निवासी संस्थेत दिवसाचं पहिलं काम तळपाय पाहण्याचं. हजेरीपट आणि हिशेबाच्या वह्या त्यानंतर.

वर्ध्याजवळच्या दत्तपूरला हे काम १९३६ साली सुरू झालं. विनोबांचे सहकारी मनोहरजी दिवाण यांनी महारोगी सेवा समिती उभी केली. तोवर देशात ही सेवा बहुतांशी ख्रिस्ती मिशनऱ्यांच्याच हाती होती. पुढे गांधीजींनी ‘रचनात्मक कार्यक्रम’ या पुस्तिकेत कुष्ठसेवेचा विषय काढला, तेव्हा भारतीय उदाहरण म्हणून दिवाणांच्याच कामाचं नाव घेतलं. सेवाग्रामात ज्यांच्या अंगाला गांधीजी स्वतः मालिश करत, त्या कुष्ठरुग्ण परचुरेशास्त्रींचे अखेरचे दिवस दत्तपूरलाच गेले. आनंदवन उभारण्याआधी बाबा आमट्यांनी इथलं काम जवळून पाहिलं. वरोऱ्याच्या त्यांच्या संस्थेचं नावही महारोगी सेवा समितीच.

अशा जागी कामाला माणसं आणायची कुठून? ज्या रोगाच्या नावानेच घरचे दार लावून घेत, तिथे पगार देऊनही कोण येणार? उत्तर आश्रमी वळणाचं निघालं: जो राहतो, तोच राबतो. शेती, सूत, विणकाम यांत रुग्णांचे हात लागले. श्रमाने माणसाची मान ताठ झाली, पण बधिर हातात कुदळ देणं जोखमीचंही होतं. दांडा घासून फोड येतो, फुटतो, चिघळतो, आणि हाताच्या मालकाला त्याचा पत्ताच नसतो. त्यामुळे कुणाला कोणतं काम द्यायचं, हे एकट्या मुकादमाने ठरवून भागत नाही. मलमपट्टी करणाऱ्याला विचारावं लागतं. दांड्याला कापड गुंडाळायचं, कपाला लाकडी मूठ बसवायची, पायाला व्रण असेल त्याला बसून करायचं काम द्यायचं.

सेवक घडवण्याची दुसरी वाट वर्ध्यातच निघाली. १९५१ साली गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झालं. डॉ. वार्डेकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार अशी त्रिसूत्री बसली. कुष्ठरोगावर डॅप्सोनची गोळी हाती आली होती. रुग्णाला घर सोडायला लावण्यापेक्षा गोळी घेऊन त्याच्या गावी जाणं शक्य झालं होतं. त्यासाठी निमवैद्यकीय कर्मचारी घडवायचे होते. त्यांचं शिक्षण असं: अंगावरचा चट्टा भरपूर उजेडात पाहायचा. रुग्णाला डोळे मिटायला सांगून कापसाचा बोळा टेकवायचा आणि कुठे लागला ते विचारायचं. कोपरामागची नस बोटांनी चाचपायची, ती जाड झाली आहे का, दाबल्यावर दुखते का, ते नोंदवायचं. १९५५ साली सुरू झालेला राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रम याच त्रिसूत्रीच्या वाटेने गेला.

१९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि पुढे रोग सहा ते बारा महिन्यांच्या गोळ्यांवर आला. पण मेलेली नस गोळीने जिवंत होत नाही, आणि तुटलेलं घरही सांधत नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण कायद्याच्या पुस्तकातून वगळायला २०१९ साल उजाडलं. रोगमुक्त होऊनही ज्यांना परतायला जागा नव्हती, ती माणसं अशा संस्थांतच म्हातारी झाली.

इथेच जो राहतो तोच राबतो हे गणित अवघड होतं. काल इतरांच्या पट्ट्या बांधणारा आज स्वतः पाय पुढे करून बसतो. त्याला शिकवलेलं सगळं पाठ असतं: पाय पाण्यात भिजवायचे, घट्टे हलक्या हाताने घासायचे, तेल लावायचं, आरशात तळवा पाहायचा. मऊ रबराची चप्पल घालण्याआधी उलटी करून आपटायची आणि आत नीट पाहायचं. हाताने चाचपून चालत नाही, कारण हातही बधिरच. सगळी भिस्त डोळ्यांवर.

आता ते डोळेही अधू होतात. आत रुतलेला खिळा दुसऱ्या कुणाला तरी दिसावा लागतो. संस्थेत माणसं पुरेशी आहेत का, हे मोजायचं ते तिथे.